खिडकीची चौकट

एक प्रयोग करून बघण्यासारखा आहे. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात नेहमीचा रंगीत पडदा न उघडता नुसत्या काळ्या कन्सोलवर लॉगिन करायचं आणि 'एक्सइनिट' ही एकच आज्ञा द्यायची. पडदा क्षणभर लुकलुकतो आणि डावीकडे वरच्या कोपऱ्यात एक टर्मिनल उघडतं. बाकी सगळीकडे काळोख. या टर्मिनलला शीर्षकपट्टी नसते, कडा नसते, बंद करायची फुली नसते. माउसने धरून सरकवावं म्हटलं तर धरायला काही नाही. त्यातूनच दुसरा एखादा प्रोग्राम सुरू केला तर तो पहिल्याच्या उरावर येऊन बसतो आणि त्याला बाजूला करायची सोय नसते. टाइप केलेली अक्षरं कुठे उमटणार, हेही माउसचा बाण त्या क्षणी कुणावर आहे त्यावर ठरतं.

आता त्याच टर्मिनलमध्ये 'ओपनबॉक्स' असं लिहून पुढे '&' हे चिन्ह द्या आणि एंटर दाबा. उघड्या टर्मिनलभोवती त्याच क्षणी चौकट उभी राहते. वर नाव, उजवीकडे बटणं, चहूबाजूंनी कडा. खिडकी सरकते, लहानमोठी होते. ओपनबॉक्स बंद केला की चौकट नाहीशी होते. टर्मिनल मात्र जागेवरच असतं आणि आतला मजकूर जसाच्या तसा.

खिडक्यांना चौकट घालणाऱ्या या वेगळ्या कारागिराला विंडो मॅनेजर म्हणतात. विंडोज किंवा मॅक वापरणाऱ्याला तो कधी भेटत नाही, कारण तिथे चौकट आणि खिडकी एकाच कारखान्यातून जोडून येतात. लिनक्सवर हा कारागीर बदलता येतो, आणि जुन्या, थकलेल्या संगणकाला पुन्हा कामाला लावायचं असेल तर हीच गोष्ट सगळ्यात जास्त उपयोगी पडते. (या प्रकरणात आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहायची.)

यंत्रणा एकाची, मांडणी दुसऱ्याची

ही फारकत मुद्दाम केलेली आहे. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत बॉब शाइफलर आणि जिम गेटिस यांनी एक्स विंडो सिस्टिमचं काम सुरू केलं. संस्थेत वेगवेगळ्या कंपन्यांचे संगणक होते आणि त्या सगळ्यांवर एकसारखं चालेल असं काहीतरी हवं होतं. त्यांनी एक तत्त्व धरलं: यंत्रणा पुरवायची, धोरण लादायचं नाही. पडद्यावर आयत काढणं, माउस आणि कीबोर्डच्या हालचाली योग्य त्या प्रोग्रामला कळवणं, एवढंच एक्सने करायचं. खिडकी दिसावी कशी, उघडावी कुठे, पुढे कधी यावी, हे दुसऱ्या कुणीतरी ठरवायचं. १९८७ च्या सप्टेंबरमध्ये या प्रणालीची अकरावी आवृत्ती आली. आज 'एक्स इलेव्हन' म्हणतात ती हीच, आणि तिच्या संवादाचे मूळ नियम इतक्या वर्षांत बदललेले नाहीत.

ते 'दुसरं कुणीतरी' म्हणजे साधा प्रोग्राम असतो. त्याला खास अधिकार लागत नाहीत, प्रशासकाचा पासवर्ड लागत नाही. सुरू होताना तो एक्स सर्व्हरला एकच गोष्ट मागतो: मूळ पडद्यावर कुणी खिडकी मांडायला आलं तर ती विनंती आधी माझ्याकडे पाठव. हा मान एका वेळी एकालाच मिळतो. दुसऱ्याने मागितला तर सर्व्हर सरळ नकार देतो. मान मिळाला की कामाची पद्धत सोपी आहे. ब्राउझर म्हणतो, मला खिडकी उघडायची आहे. विंडो मॅनेजर त्याहून थोडी मोठी खिडकी स्वतः तयार करतो, तिच्यावर शीर्षकपट्टी रंगवतो आणि ब्राउझरची खिडकी तिच्या पोटात घेतो. आपण जी 'फायरफॉक्सची खिडकी' म्हणून ओढत असतो, ती खरं तर विंडो मॅनेजरची असते. फायरफॉक्स आत बसलेला असतो.

सुरुवातीच्या काळात टॉम लास्ट्रेंज यांचा 'टीडब्ल्यूएम' हा विंडो मॅनेजर बहुतेक ठिकाणी होता. १९९३ मध्ये रॉब नेशन यांनी त्याच्यावरून 'एफव्हीडब्ल्यूएम' केला. मेमरी कमी खाणं हाच त्याचा हेतू होता. १९९७ च्या आसपास ब्रॅड ह्यूज यांचा 'ब्लॅकबॉक्स' आला आणि त्याच्या पोटी एक घराणंच जन्मलं. २००१ मध्ये हेन्रिक किन्नुनेन यांनी त्यातून 'फ्लक्सबॉक्स' काढला. २००२ मध्ये डेना जॅन्सन्स यांनी 'ओपनबॉक्स'ला सुरुवात केली आणि तिसऱ्या आवृत्तीत तो सी भाषेत पूर्णपणे नव्याने लिहिला. ब्लॅकबॉक्सची एकही ओळ त्यात उरली नाही. एलएक्सडीई या हलक्या डेस्कटॉपने ओपनबॉक्सच निवडला आणि त्याच वाटेने तो रास्पबेरी पायच्या लाखो छोट्या संगणकांवर पोचला.

ओपनबॉक्सची ३.६.१ ही आवृत्ती २०१५ मध्ये निघाली. त्यानंतर अधिकृत नवी आवृत्ती नाही. अनेकांना हे वाचून धास्ती वाटते. मला ती योग्य वाटत नाही. ज्या कामासाठी हा प्रोग्राम लिहिला ते काम त्याने पूर्ण केलं आहे, आणि ज्या नियमांवर तो उभा आहे ते नियमही थांबलेले आहेत. डेबियन आणि लिनक्सची इतर वितरणं तो आजही पुरवतात. या प्रकरणासाठी मी ओपनबॉक्सच निवडला, कारण त्यात माउस आणि कीबोर्ड दोन्हींना मान आहे, त्याच्या फाइली वाचून समजतात, आणि मराठी अक्षर तो नीट दाखवतो. हा शेवटचा मुद्दा किती मोलाचा आहे ते पुढे येईलच.

आधी यंत्राकडे बघा

चौदा ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. विंडोज ११ ला किमान चार जीबी मेमरी आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते. ती नसलेले लाखो लॅपटॉप एका तारखेला 'जुने' ठरले. त्यांच्या कळा, पडदे, प्रोसेसर मात्र त्या दिवशी आदल्या दिवसाइतकेच ठीक होते. असा एक लॅपटॉप माझ्या आत्याकडे होता. मेमरी दोन जीबी. तिला वर्तमानपत्र वाचायचं असतं, नातवंडांचे फोटो बघायचे असतात आणि पत्रं लिहायची असतात. या प्रकरणातली बरीचशी मांडणी मी तिच्या त्या लॅपटॉपवर केली.

विंडो मॅनेजर बदलण्याआधी दोन गोष्टी तपासा. एक, यंत्रात फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी बसवा. कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा याचा फरक मोठा पडतो. दोन, प्रोसेसर ३२ बिटांचा आहे की ६४ बिटांचा ते बघा. डेबियनची तेरावी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली आणि तिच्यात ३२ बिटांच्या यंत्रांसाठी इन्स्टॉलर नाही. तसं यंत्र असेल तर बारावी आवृत्ती घ्यावी लागते.

डेबियन बसवताना इन्स्टॉलर विचारतो, कुठला डेस्कटॉप हवा? तिथल्या सगळ्या खुणा काढा. संगणक नुसत्या कन्सोलवर उघडेल. मग 'एपीटी इन्स्टॉल' या आज्ञेने 'एक्सओआरजी' आणि 'ओपनबॉक्स' मागवा. एवढ्यावर तो चालू लागतो. घरच्या फोल्डरमध्ये 'डॉट एक्सइनिटआरसी' नावाची फाइल करून तीत 'एक्झेक ओपनबॉक्स-सेशन' ही एक ओळ लिहायची आणि 'स्टार्टएक्स' म्हणायचं. लॉगिनचा पडदा हवा असेल तर 'लाइटडीएम' बसवा. त्यात सत्र निवडायच्या यादीत ओपनबॉक्स आपोआप दिसतो.

आणि समोर येतो रिकामा पडदा. खाली पट्टी नाही, घड्याळ नाही, आयकॉन नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की काहीतरी बिघडलं. उजवं बटण दाबलं की मेनू उघडतो आणि जिवात जीव येतो.

रिकाम्या घरात काय काय आणायचं

गनोम किंवा केडीई यांना 'डेस्कटॉप पर्यावरण' म्हणतात. ते सामानासकट भाड्याने घेतलेल्या घरासारखं असतं. ओपनबॉक्स म्हणजे भिंती आणि दारं. पंखा, दिवा, पडदे आपण आणायचे. हलकेपणाचं मूळ इथेच आहे: जे आणलंच नाही ते मेमरी खात नाही. ओपनबॉक्स स्वतः दहा-वीस एमबीत भागवतो.

खालच्या पट्टीसाठी 'टिंट टू' घ्या. घड्याळ, उघड्या खिडक्यांची नावं, बॅटरी, सगळं ती दाखवते. भिंतीवरच्या चित्रासाठी 'फे' पुरतो. फाइली बघायला 'पीसीमॅनएफएम', तोच पेनड्राइव्ह जोडायचं कामही करतो. वाय-फायसाठी नेटवर्क मॅनेजरचं छोटं ॲप्लेट, 'बॅटरी संपत आली' असले संदेश दाखवायला 'डन्स्ट', पडदा कुलूपबंद करायला 'आयथ्रीलॉक'. सावल्या आणि पारदर्शकता हवी असेल तर 'पिकॉम' आहे, पण दोन जीबीच्या यंत्रावर मी तो घालत नाही. सावलीवाचून कुणाचं काम अडत नाही.

हे सगळे प्रोग्राम लॉगिन झाल्यावर आपोआप सुरू व्हायला हवेत. त्यासाठी ओपनबॉक्सची 'ऑटोस्टार्ट' नावाची फाइल असते. प्रत्येक ओळीत एक आज्ञा, आणि ओळीच्या शेवटी '&'. हे चिन्ह क्षुल्लक दिसतं, पण त्याचा अर्थ 'हा प्रोग्राम मागे चालू दे आणि पुढच्या ओळीकडे जा' असा आहे. ते विसरलं तर पहिला प्रोग्राम संपेपर्यंत दुसरा सुरूच होत नाही, आणि वाय-फायचं ॲप्लेट काही संपत नाही. माझ्याकडून एकदा ते राहिलं. दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन: "अरे, खालची पट्टी गेली कुठे?" पट्टीची ओळ ॲप्लेटच्या खाली होती. ती बिचारी ताटकळत उभी होती.

ओपनबॉक्सच्या सगळ्या मांडणी-फाइली घरच्या फोल्डरात 'डॉट कॉन्फिग' या लपलेल्या फोल्डराच्या आत 'ओपनबॉक्स' या फोल्डरात राहतात. सुरुवातीला तो रिकामा असतो. 'ईटीसी'मधल्या 'एक्सडीजी' फोल्डरातून मूळ फाइली तिथे उतरवून घ्यायच्या आणि या प्रतींवरच काम करायचं. मूळ फाइलींना हात लावू नका. काही बिघडलं तर पुन्हा प्रत घेता येते. अशा चारच फाइली आहेत: 'आरसी डॉट एक्सएमएल', 'मेनू डॉट एक्सएमएल', 'ऑटोस्टार्ट' आणि 'एन्व्हायर्नमेंट'.

आरसी फाइल

खरी मजा या फाइलीत आहे. एक्सएमएल म्हटल्यावर घाबरायचं कारण नाही. कंसातल्या प्रत्येक खुणेला तिची बंद करणारी जोडीदार खूण लागते, हा एकच नियम सांभाळायचा. तो मोडला तर ओपनबॉक्स तक्रारीची खिडकी दाखवतो. बदल केल्यावर लॉगआउट करावं लागत नाही. 'ओपनबॉक्स'पुढे दोन आडव्या रेघा आणि 'रीकॉन्फिगर' एवढं टाइप केलं की नवी मांडणी त्याच क्षणी लागू होते आणि उघडलेली कामं तशीच राहतात.

शीर्षकपट्टीपासून सुरुवात करा, कारण फरक लगेच दिसतो. 'टायटललेआउट' या जागी पाच अक्षरं दिसतील: एन, एल, आय, एम, सी. आयकॉन, नाव, खाली लपव, मोठं कर, बंद कर. ज्या क्रमाने अक्षरं, त्या क्रमाने बटणं. आत्याचा हात चुकून फुलीवर पडायचा आणि लिहिलेलं पत्र जायचं. मी 'सी' उचलून सगळ्यात डावीकडे नेलं आणि 'आय', 'एम' उजवीकडेच ठेवली. बंद करायचं बटण आता बाकीच्यांपासून पट्टीभर लांब आहे. कुठल्याही मोठ्या डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये एवढ्या सहज ही गोष्ट सापडली नसती.

नंतर माउस. ओपनबॉक्समध्ये ऑल्ट दाबून खिडकीवर कुठेही डावं बटण धरलं की खिडकी सरकते; उजवं धरलं की लहानमोठी होते. बारीकशी कड नेमकी पकडायची कसरत लागत नाही. हात थरथरणाऱ्या माणसाला ही सोय किती मोठी वाटते ते बघितल्यावरच कळतं. रिकाम्या पडद्यावर मधलं बटण दाबलं की उघड्या खिडक्यांची यादी येते. चाक फिरवलं की एका आभासी पडद्यावरून दुसऱ्यावर जाता येतं. मुळात असे चार पडदे दिलेले असतात. ज्याला एकच हवा त्याने 'डेस्कटॉप्स' विभागात चारच्या जागी एक लिहावं. आत्यासाठी मी तेच केलं. चार पडद्यांत हरवलेली खिडकी शोधणं हा नवशिक्याला होणारा फार खरा त्रास आहे.

'फोकस' विभागात 'फॉलोमाउस' नावाची एक खूण आहे. तिथे 'यस' लिहिलं की बाण ज्या खिडकीवर जाईल तिथे टाइप होऊ लागतं, क्लिक करावं लागत नाही. जुने युनिक्सवाले याच्यावर जीव टाकतात. मलाही ती पद्धत आवडते: एका खिडकीत वाचत दुसरीत लिहिताना मागची खिडकी पुढे न आणता लिहिता येतं. पण धक्का लागून बाण हलला की अक्षरं भलतीकडे जातात, म्हणून ज्याचा माउस स्थिर नाही त्याला ती देऊ नये.

कीबोर्डचा विभाग सगळ्यात लांब आहे. कळांना छोटी नावं आहेत: कंट्रोलला सी, ऑल्टला ए, शिफ्टला एस, विंडोज-कळीला डब्ल्यू. 'डब्ल्यू-ई' असं लिहिलं की विंडोज आणि ई. मूळ फाइलीत ही जोडी केडीईचा फाइल-प्रोग्राम उघडण्यासाठी आहे. आपल्या यंत्रावर केडीई नसतं, त्यामुळे ती दाबली तरी काहीच होत नाही. तिथे 'पीसीमॅनएफएम' लिहायचं. आपल्या हाताने बदललेली ही पहिली कळ बहुतेकांना कायम लक्षात राहते. आवाज कमी-जास्त करायच्या कळाही सुरुवातीला मुक्या असतात, कारण त्या दाबल्यावर काय करायचं हे कुणी सांगितलेलंच नसतं. कुठल्या कळीचं एक्सकडे नाव काय, ते 'एक्सईव्ही' हा छोटा प्रोग्राम सांगतो. कळ दाबा, नाव वाचा, आरसी फाइलीत ते नाव आणि त्यापुढे 'एमिक्सर'ची आज्ञा लिहा.

शेवटी 'ॲप्लिकेशन्स' विभाग. इथे एकेका प्रोग्रामसाठी नियम करता येतो: हा नेहमी पूर्ण पडद्यावर उघडू दे, त्याला चौकटच नको, तो दुसऱ्या पडद्यावर जाऊ दे. प्रोग्रामची ओळख पटवायला 'ओबीएक्सप्रॉप' चालवा आणि हव्या त्या खिडकीवर क्लिक करा. टर्मिनलमध्ये तिचं खरं नाव आणि वर्ग उमटतो. आत्याचा ब्राउझर अशा नियमामुळे नेहमी पूर्ण पडद्यावरच उघडतो.

मराठीची सोय

एक्सच्या जगात अक्षर रंगवायचे अनेक मार्ग आहेत आणि सगळे देवनागरीला सारखे मानवत नाहीत. 'एक्सएफटी' हा मार्ग एकेक चिन्ह घेऊन एकापुढे एक ठेवतो. रोमन लिपीला तेवढं पुरतं. पण 'कि' लिहिताना वेलांटी क च्या आधी दिसायला हवी आणि 'स्त्री'मध्ये तीन व्यंजनं एकमेकांत मिसळायला हवीत. हे जुळवून घेण्याची बुद्धी त्याच्याकडे नाही. म्हणून 'डीडब्ल्यूएम' या दुसऱ्या एका विंडो मॅनेजरच्या पट्टीवर मराठी नावाची फाइल उघडली की वेलांट्या भलतीकडे जातात आणि जोडाक्षरं सुटी पडतात. 'पँगो' हा दुसरा मार्ग हार्फबझ या लायब्ररीची मदत घेऊन लिपीचे नियम पाळतो. ओपनबॉक्स शीर्षकं आणि मेनू पँगोनेच रंगवतो. 'आयथ्री' हा विंडो मॅनेजर वापरणाऱ्यांना हाच मार्ग मिळतो, पण त्याच्या मांडणी-फाइलीत फॉन्टच्या नावाआधी 'पँगो' हा शब्द आणि विसर्गासारखी दोन टिंबं मुद्दाम लिहावी लागतात.

फॉन्टसाठी रेड हॅटने खुला केलेला 'लोहित देवनागरी' किंवा 'नोटो' बसवा. मग मेनूची फाइल उघडा आणि नावं सरळ मराठीत लिहा. फाइल यूटीएफ-८ मध्ये असते, ओपनबॉक्सला त्यात काही अडचण नाही. आत्याच्या मेनूत आता पाच ओळी आहेत: 'वर्तमानपत्र', 'फोटो', 'पत्र लिही', 'आवाज', 'बंद कर'. इंग्रजी मेनूत 'ॲप्लिकेशन्स', 'युटिलिटीज', 'प्रेफरन्सेस' असे शब्द तिला रोज भेटायचे, आणि त्यातल्या एकाचाही तिच्या कामाशी संबंध नव्हता.

लिहिण्यासाठी 'सेटएक्सकेबीमॅप' या आज्ञेने दोन मांडण्या एकत्र द्यायच्या, इंग्रजी आणि भारतीय. भारतीय म्हणजे इन्स्क्रिप्ट. तीत एन वर ल आणि शिफ्ट-एन वर ळ, जे वर र आणि शिफ्ट-जे वर ऱ मिळतो. या ऱ ला हलन्त आणि य जोडला की 'दुसऱ्या'मधला अर्धचंद्री र नीट उमटतो. दोन भाषांमध्ये जा-ये करायला बरेच लोक ऑल्ट आणि शिफ्ट निवडतात. ओपनबॉक्सवर ते नको. मागच्या खिडकीकडे जायला ऑल्ट-शिफ्ट-टॅब, खिडकी दुसऱ्या पडद्यावर पाठवायला ऑल्ट-शिफ्ट आणि बाण, अशा त्याच्या जोड्या आधीच ठरलेल्या आहेत. खिडकी हलवताना भाषा बदलली तर पुढचं वाक्य चुकीच्या लिपीत जातं. भाषा बदलायला कॅप्स लॉक द्या. देवनागरीत मोठी अक्षरं नसतातच, त्यामुळे ही कळ मराठी लिहिणाऱ्याला तशीही नको असते. 'जीआरपी अंडरस्कोर एलईडी' हा पर्याय कॅप्सला जोडला की त्या कळीचा दिवाही कामाला येतो. दिवा लागला म्हणजे मराठी, विझला म्हणजे इंग्रजी. पडद्यावर वेगळा प्रोग्राम चालवायची गरज राहत नाही. 'सेटएक्सकेबीमॅप'ची ही ओळ ऑटोस्टार्ट फाइलीत सगळ्यात वर ठेवा.

दुसऱ्या वाटा

ओपनबॉक्समध्ये खिडक्या टेबलावरच्या कागदांसारख्या एकावर एक पडतात. दुसरी जात फरशी बसवल्यासारखी मांडणी करते: नवी खिडकी आली की जुनी आक्रसते आणि दोघी शेजारी बसतात, पडद्याचा एक कोपराही रिकामा राहत नाही. 'आयथ्री' हा त्यातला सगळ्यात समजूतदार. मिखाएल स्टॅपलबर्ग यांनी तो २००९ मध्ये सुरू केला आणि त्याचं मार्गदर्शक टिपण इतकं स्पष्ट आहे की ते वाचून कुणालाही दुपारभरात बस्तान बसवता येतं. 'डीडब्ल्यूएम' त्याहून कडक शिस्तीचा. दोन हजार ओळींच्या वर कोड जाऊ द्यायचा नाही असा त्याच्या कर्त्यांचा नियम आहे, आणि मांडणी बदलायची तर सी भाषेतली फाइल बदलून तो पुन्हा कंपाइल करावा लागतो. प्रोग्राम लिहिणाऱ्याने तो एकदा वाचावाच. विंडो मॅनेजर आतून कसा असतो ते शिकायला त्यासारखी दुसरी वस्तू नाही. रोजच्या वापरासाठी मात्र मी तो कुणाच्या गळ्यात घालणार नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. विंडो मॅनेजर हलका केल्याने ब्राउझर हलका होत नाही. दोन जीबीच्या यंत्रावर गनोमने साधारण निम्मी मेमरी घेतली असती. ओपनबॉक्सने ती मोकळी केली आणि ब्राउझरला दिली. तरीही दहा-बारा जड पानं एकदम उघडली की यंत्र दमणारच. तिथे उपाय एकच, पानं बंद करायची सवय.

दुसरं म्हणजे एक्सचा काळ सरत चालला आहे. २००८ मध्ये क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी 'वेलँड' सुरू केला. त्यात पडदा रंगवणारा आणि चौकट घालणारा एकच असतो. या प्रकरणाच्या सुरुवातीचा प्रयोग तिथे करता येत नाही. मोठी वितरणं एकामागून एक तिकडे गेली आहेत. पण ओपनबॉक्स शिकलेल्याचे कष्ट वाया जात नाहीत. 'लॅबडब्ल्यूसी' नावाचा वेलँडवरचा कारागीर ओपनबॉक्सच्या धर्तीवर बांधला आहे. त्याच्याकडेही याच नावांच्या चार फाइली आहेत, आरसी फाइलीतल्या बहुतेक खुणाही तशाच. रास्पबेरी पायच्या अधिकृत प्रणालीने ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यालाच मुख्य म्हणून नेमलं.

म्हणून त्या चार फाइली जपा. सगळ्या मिळून काही केबी भरतात; पेनड्राइव्हवर एक प्रत ठेवा, नव्या यंत्रावर ती उतरवली की आपलं घर पाच मिनिटांत उभं राहतं. आणि बदल करताना प्रत्येक ओळीच्या वर, एक्सएमएलच्या टिपणीत, तो का केला ते मराठीत लिहून ठेवा. आत्याच्या आरसी फाइलीत 'सी' या अक्षरावर एक टीप आहे: 'फुली डावीकडे, म्हणजे पत्र जाणार नाही.' पुढे कुणी ती फाइल उघडली तर त्याला ते अक्षर तिथे का आहे हे विचारायला मला शोधावं लागणार नाही.